जवळचे कॅप्टन

कॅप्टन कुठे निघाले आहेत, हे आमच्या इमारतीत कधीही कोणाला कळले नाही. छोटी बॅग घेऊन ते लिफ्टमध्ये शिरत, कोणीतरी सहज विचारी, आणि उत्तर ठरलेले असे : "जवळच." कधी ते त्याच संध्याकाळी परतत, कधी पंधरवड्याने, पण परतल्यावरही उत्तरात फरक पडत नसे. "इथंच हो, जवळच." अंधेरीत सात बंगल्यापाशी असलेल्या आमच्या सोसायटीतल्या मुलांनी त्यांचे आडनाव केव्हाच बाद करून त्यांना 'जवळचे कॅप्टन' करून टाकले होते, आणि हळूहळू मोठी माणसेही तेच नाव घेऊ लागली. ज्यांच्या जवळ आमच्यापैकी एकही जण जाऊ शकला नाही, त्यांनाच हे नाव मिळावे, याची मला त्या वेळी केवळ गंमत वाटे.

मीही वैमानिकच, पण एअरलाइनचा. माझे महिन्याचे रोस्टर आमच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेले असे. सकाळी इंदूर, दुपारी कोची, मुक्काम दिल्ली : दूधवाल्यालाही वाचता यावे असे माझे आयुष्य. कॅप्टन एका उद्योगपतीचे खासगी जेट चालवत. त्या नोकरीत रोस्टर नसते, मालकाचा फोन असतो. मालक कोणत्या गावी उतरला हे बाहेर फुटले, तर तो कोणता कारखाना विकत घेणार आहे हेही फुटते. म्हणून वैमानिकाने घरातदेखील गावाचे नाव उच्चारायचे नाही, अशी अट. कॅप्टन ती इतकी काटेकोर पाळत, की हॉटेलवाल्यांनी बॅगेला बांधलेल्या चिठ्ठ्या वाटेतच फाडून टाकत, मनगटावरचे घड्याळ जगात कुठेही भारताच्याच वेळेवर ठेवत, आणि परतताना मिठाई आणायची तर ती आमच्या नाक्यावरच्या दुकानातूनच आणत.

या गुप्ततेचा सर्वांत जास्त त्रास दुसऱ्या मजल्यावरच्या सामंतांना होई. मूळचे मालवणचे, बँकेतून निवृत्त झालेले आणि दिवसभर मोबाइलवर शेअरचे भाव पाहणारे हे गृहस्थ मला जिन्यात गाठत. "मेल्या, तू पण पायलट ना? मग तुला कसं कळत नाही रे, हा जातो कुठे?" एकदा कॅप्टनचे ओठ फुटलेले दिसले. सामंतांनी निदान केले : थंड देश. थंड देशात म्हणजे औषधांचा व्यवहार. आणि ते कुठल्याशा औषध कंपनीचे शेअर घेऊन मोकळे झाले. ते शेअर असे कोसळले, की सामंत बरेच दिवस खाली फिरायलाही आले नाहीत. "वाट लागली रे," पुढे मला म्हणाले, "ह्या माणसाचे ओठसुद्धा खोटं बोलतात!" विमानातली हवा कोरडी असते, तिने प्रत्येक वैमानिकाचे ओठ फुटतात. माझेही फुटलेलेच असत. माझ्याकडे पाहून मात्र कोणी काही विकत घेतले नाही.

'जवळच' या शब्दाचा दुसराही अर्थ काही जणांनी लावला. वर्सोव्याला कॅप्टनचे आणखी एक बिऱ्हाड असावे, अशी कुजबुज होती. मी तिच्यात भाग घेतला नाही, पण तिला थांबवलेही नाही; आणि खरे सांगायचे, तर थोडे कान देऊन ऐकले. एका दुपारी कॅप्टनच्या पत्नी, शैलावहिनी, आमच्याकडे सांदणे घेऊन आल्या होत्या. बोलण्याच्या ओघात माझी पत्नी वृंदा त्यांना म्हणाली, "ह्याचं विमान मोबाइलवर दिसतं ना, ते वडोदऱ्याच्या अलीकडे आलं की मी तांदूळ धुते. घरी येईपर्यंत भात गरम." वहिनी हसल्या. पण निघताना, दारात चपला घालता घालता, त्यांनी मला हळूच विचारले, "भाऊजी, तुम्ही त्याच लाइनीतले म्हणून विचारते. हे खरंच विमानानंच जातात ना?" मी "हो, अर्थात," म्हणालो. माझ्या आवाजात हवी तेवढी खात्री नव्हती, हे आम्हा दोघांनाही ऐकू आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मालक दुसरे, मोठे विमान घेणार असून त्यासाठी कॅप्टन हवा आहे, अशी बातमी माझ्या कानावर आली. मला ती जागा हवी होती. पन्नाशीनंतर दिवसाला चार-चार उड्डाणे झेपत नाहीत, हे मी लोकांना सांगितलेले कारण. दुसरे कारण मी स्वतःलाही उशिरा सांगितले. माझे वडील गिरणीत होते, आणि मुकादमाने त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. एअरलाइनमध्ये मलाही तशी हाक कोणी मारत नव्हते. प्रवासी उतरताना दारातल्या मुलीला थँक्यू म्हणतात आणि कॉकपिटचे दार बंदच असते. एखाद्या मोठ्या माणसाने शिडी चढताना "काय परब, कसे आहात?" म्हणावे, एवढ्यासाठी मी इतक्या वर्षांची ज्येष्ठता सोडायला तयार झालो होतो.

कॅप्टनना मी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर, सकाळच्या फेरीत गाठले. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि सुकत घातलेल्या बोंबलांकडे पाहत म्हणाले, "तुमच्या विमानात किती माणसं असतात?"

"एकशे ऐंशी."

"त्यातली ओळखीची किती?"

"एकही नाही."

"मग कशाला येताय? सुखात आहात."

संशय हा कॅप्टनच्या स्वभावाचा कणा होता. इंधन भरल्याचा कागद हातात असला, तरी ते स्वतः काट्याकडे पाहून येत. हवामान चांगले असल्याचे कोणी फार उत्साहाने सांगितले, की पुन्हा विचारत. आमच्या दोघांच्या नोकऱ्यांतला फरकही त्यांनी मला त्याच पद्धतीने सांगितला. कोणत्याशा डोंगराळ गावच्या धावपट्टीवरून ढग उतरल्यामुळे त्यांनी एकदा निघायला नकार दिला होता, आणि मालकाच्या मुलीचा साखरपुडा त्यामुळे मालकाविना झाला. "तुम्ही विमान अडवलंत, तर एकशे ऐंशी माणसं शिव्या देतील, घरी जातील, विसरतील," ते म्हणाले. "इथे एकच माणूस असतो, आणि तो शिव्या देत नाही. 'बरोबर केलंत कॅप्टन' म्हणाला. पुढे कित्येक महिने मी त्या 'बरोबर'चा अर्थ लावत होतो." मग चालता चालता थांबून म्हणाले, "मालक तुम्हाला नावानं हाक मारेल, परब. त्रास त्याचाच असतो."

नावाची गोष्ट मी त्यांच्याजवळ बोललो नव्हतो. मी चपापलो, आणि चपापलेला माणूस करतो तेच केले, समोरच्यावर संशय घेतला. त्यांचा एक भाचा कुठल्याशा लहान कंपनीत विमाने चालवत असे. ही खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवली असणार, म्हणून मला उपदेश चालला आहे, असे मी ठरवून टाकले.

चार-दोन दिवसांनी लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. दार बंद होताच कॅप्टन, माझ्याकडे न पाहता, सहज म्हणाले, "उद्या रायपूर." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी गावाचे नाव प्रथमच ऐकत होतो. ही परीक्षा आहे, हे तिसऱ्या मजल्यापर्यंत माझ्या लक्षात आले. मी घरात शिरलो तेव्हा वृंदाने विचारले, "लिफ्टमध्ये कॅप्टन होते ना? काय म्हणत होते?" मी म्हणालो, "काही नाही गं, गुडघ्यांचं चाललं होतं. माझे पण हल्ली दुखतात." माझे गुडघे अजिबात दुखत नव्हते. दुसऱ्या दिवशी वृंदा बोरिवलीच्या वैद्यांकडून तेल घेऊन आली. आठवडाभर ती माझ्या धडधाकट गुडघ्यांना तेल चोळत होती, आणि मी मनात परीक्षेचे गुण मोजत होतो.

कॅप्टन परतल्यावर त्यांनी विचारले, "कोणाला बोललात?"

"नाही."

"सामंतांना सोडा. वहिनींना?"

"तिलाही नाही."

"सोपं गेलं?"

"हो," मी थोड्या अभिमानाने म्हणालो.

"मलाही सोपंच गेलं होतं," ते म्हणाले आणि आपल्या दाराकडे वळले.

नंतर मालकाच्या कार्यालयातून मला बोलावणे आले. तिथला अधिकारी अतिशय मृदू बोलणारा होता. त्याने चहा स्वतः ओतून दिला. माझ्या अनुभवाविषयी त्याने फारसे विचारले नाही. "तुमचे उड्डाणाचे तास आम्ही बघितलेत, ते चांगलेच आहेत. पण आम्हाला महत्त्वाचं वाटलं ते कॅप्टननी सांगितलं ते. तुम्ही घरात मिसेसनासुद्धा काही सांगत नाही." भाच्याविषयीचा माझा संशय त्या एका वाक्यात संपला. कॅप्टननी माझी शिफारस केली होती. मात्र ती ऐकताना मला कोणीतरी चारचौघांत माझा सदरा वर करून दाखवल्यासारखे वाटले. अधिकाऱ्याने बिस्किटांची बशी पुढे सरकवली. "आणखी एक छोटीशी विनंती होती. तुम्ही एकाच इमारतीत राहता. कॅप्टनकडे हल्ली कोण येतं-जातं, जरा लक्ष असू द्या. तसं काही विशेष नाही हं." मी विचार करून कळवतो म्हणालो. रिक्षात बसल्यावर मला पहिला विचार आला तो हा : गेले काही दिवस माझ्याकडे कोण येते-जाते, हेही कोणी कोणाला सांगत असेल का?

घरी आल्यावर मी वृंदाला सगळे सांगितले. रायपूरचे नाव ऐकून ती आधी हसली. "रायपूरच ना रे? मला वाटलं पॅरिस तरी असेल!" मग तिचे हसू हळूहळू उतरले.

"म्हणजे मी विचारलं तेव्हा गुडघे म्हणालास, ते..."

"हो."

"किती पटकन म्हणालास! मला एकदासुद्धा शंका आली नाही." ती उठून आत गेली, आणि तेलाची बाटली घेऊन बाहेर आली. "ही आता कोणाला देऊ?"

मी ती नोकरी नाकारली. वृंदाने तसे सांगितले नव्हते. ती त्याविषयी काहीच बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्याचा अर्थ मी लावू लागलो आहे हे माझ्या ध्यानात आले, आणि तो निर्णय आपोआप झाला.

कॅप्टनना हे सांगायला मी त्यांच्या घरी गेलो. मी जरा तावातावानेच विचारले, "मला येऊ नका म्हणत होतात, मग तिकडे शिफारस का केलीत?"

"शिफारस नाही केली. त्यांनी विचारलं, हा माणूस गप्प राहू शकतो का? मी खरं सांगितलं. तुम्ही विचारलंत, येऊ का? तुम्हालाही खरं सांगितलं. दोन्ही खरंच होतं, परब."

मग मी त्यांना त्या छोट्या विनंतीविषयी सांगितले. त्यांना आश्चर्य वाटले नाही. "हं," ते म्हणाले, "म्हणजे माझी जायची वेळ झाली. माझ्या आधीच्या कॅप्टनविषयी मलाही असंच विचारलं होतं."

"तुम्ही काय सांगितलंत?"

कॅप्टननी खिडकी थोडी लोटली, परत उघडली. "चहा घेणार?" त्यांनी विचारले. मी घेतला. तो प्रश्न मी पुन्हा विचारला नाही, आणि त्यांच्याविषयीचा माझा तेवढा संशय आजही तसाच आहे. आदरही तसाच आहे. दोन्ही एकाच माणसाविषयी असू शकतात, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

त्या वर्षअखेर त्यांनी नोकरी सोडली, घर विकले आणि ते मुलुंडला मुलीच्या शेजारी राहायला गेले. शैलावहिनी आधीच तिकडे रमल्या होत्या. निघताना कॅप्टननी इमारतीतल्या सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला. सामंतांनी शेवटचा प्रयत्न म्हणून "आता तरी सांगा ना, तेव्हा तुमचे ओठ कुठे फुटले होते?" असे विचारून पाहिले. कॅप्टन मनापासून हसले, आणि गाडीत बसले.

पुढे एका लग्नात शैलावहिनी भेटल्या. मी कॅप्टनची चौकशी केली. "बरे आहेत," त्या म्हणाल्या. "आता सगळं सांगतात. कुठे गेले होते, कोण भेटलं, काय खाल्लं. जुनीसुद्धा गावं सांगतात, आठवून आठवून. पण भाऊजी, मला आता ऐकायची सवयच राहिली नाही हो. ते बोलत असतात आणि माझं लक्ष भलतीकडेच असतं."

मी अजून एअरलाइनमध्येच आहे. घरी आलो की दिवसभराचे सगळे वृंदाला सांगतो : कोणत्या गावी धुके होते, कोणता सहवैमानिक बरोबर होता, जेवणात काय आले. पूर्वी माझे बोलणे संपण्याआधीच ती उठून कामाला लागे. आता संपले तरी लगेच उठत नाही. माझ्याकडे पाहत क्षणभर थांबते, आणखी काही येणार असावे तशी. खरोखरच आणखी काही नसते. पण तसे सांगायला गेलो, तर तेही मी फार सफाईने सांगेन, अशी मला भीती वाटते. म्हणून काही न बोलता मीही तिच्याबरोबर थोडा वेळ थांबतो.