तेविसावा चिंचोका

दिवाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुनवानीच्या भाजीबाजारात एका कोचईवाल्याला थाप मारत होतो. आमच्या लहानपणी कोचईचं, म्हणजे अळूचं, पान एवढं मोठं असायचं, की त्याखाली अख्खी वरात जेवायला बसायची, असं काहीतरी. वरातीत घोडा आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दिवाकरचा मुलगा. "काका... पापा नहीं रहे. सुबह चाय पीते-पीते..." कोचईवाला म्हणाला, "फिर? घोड़ा कहाँ बैठा?" आणि मी पिशवी तिथेच ठेवून निघालो. त्याला दीड महिना झाला. तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही. बायको म्हणते, तुमच्या येरझाऱ्यांनी घराच्या फरशीला घळ पडेल. ती माझ्यासोबत राहून थोडं वाढवून बोलायला शिकली आहे.

दिवाकर आणि मी दोघेही सरकारी प्राथमिक शाळेतले मास्तर. तो दुर्गला, पद्मनाभपुरात राहायचा. मी मरोद्याच्या शाळेचा हेडमास्तर. दोघांचे बाप नागपूरकडून रेल्वेत आलेले, त्यामुळे घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि वर्गात छत्तीसगढी. मी थापा मारायचो आणि तो त्यांना भागायचा. म्हणजे मी म्हणावं, माझ्या शाळेची घंटा वाजली की कारखान्याचा भोंगा लाजून गप्प बसतो, आणि त्यानं हाताची पाच बोटं दाखवावी. पाचानं भाग, उरेल ते खरं. आयुष्यभर त्यानं मला याच दरानं ऐकलं.

स्वतः मात्र इतका सरळ, की कॅरमच्या डावात आपला फाउल आपणच ओरडून सांगायचा. खिडकीतून कोणी पाहत नसलं तरी. म्हणूनच देशभरातल्या शाळांची ती मोठी चाचणी यायची तेव्हा निरीक्षक म्हणून त्याचं नाव हमखास लागायचं. मुलांना किती येतं ते दिल्लीला कळावं म्हणून ही चाचणी. निरीक्षक बाहेरच्या शाळेतला. पेपरांचं पाकीट सीलबंद. आणि वर्गातली कोणती मुलं पेपरला बसणार ते शाळेनं ठरवायचं नाही, नंबर काढून ठरायचं. त्यासाठी दिवाकरनं एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात पंचेचाळीस चिंचोके जमवले होते. एकेक तेल लावून घासलेला, त्यावर काडीनं पांढऱ्या पेंटचा आकडा. डब्बा हलवला की असा खळखळायचा, की मुलं जत्रेत आल्यासारखी पुढे सरकायची. हवे तेवढे नंबर होईपर्यंत एकेका मुलानं हात घालून एकेक चिंचोका काढायचा, ज्याचा आकडा निघेल त्यानं पेपरला बसायचं. "चिठ्ठीची घडी ओळखू येते बाप्पा," तो म्हणायचा, "चिंचोक्याले चेहरा नसते."

एका वर्षी तो डब्बा माझ्याच शाळेत आला.

त्याच्या आधीच्या खेपेला आमच्या शाळेचा निकाल पडला होता आणि भर बैठकीत मला उभं केलं होतं. मी, ज्याला उभं केलं की लोक हसायला लागतात, तो मी तिथे मान खाली घालून उभा होतो. तेव्हा या खेपेला मी तयारी केली. पाचवीतली तीन कच्ची मुलं त्या दिवशी आपोआप गैरहजर राहिली. आपोआप म्हणजे, आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी तसा निरोप धाडला होता. चौथा निरोप धनेश्वरीला होता. गावाकडून वर्षाच्या मध्येच आलेली, तेवीस नंबरची पोरगी. अक्षरं ओळखायची, पण शब्दापाशी आली की थांबायची.

ती आली. डोक्याला तेल, दोन घट्ट वेण्या, आणि दोन्ही टोकांनी तासलेली पेन्सिल. एक टोक मोडलं तर दुसरं असावं म्हणून.

दिवाकरनं हजेरीपट समोर घेतला. आणि इथे त्यानं जन्मातली पहिली चूक केली, मित्रावर विश्वास ठेवला. "मी नंबर वाचतो, तू डब्ब्यात टाकत जा," म्हणाला. नियमानं शाळेचा हात डब्याला लागायला नको होता. एक... टक्. दोन... टक्. माझी बोटं कशी चालली होती म्हणून सांगू! "तेवीस," तो म्हणाला. मी नखानं डब्याच्या पत्र्यावर टक् केलं आणि चिंचोका मुठीतच ठेवला.

एका पोरीनं काय जिल्हा बुडणार होता? हे तेव्हा सुचलं नाही.

नंबर निघाले. ज्यांचे निघाले ती मुलं ऐटीत बाकांवर बसली, उरलेली मैदानात पळाली. धनेश्वरी दारातच उभी. "सर," तिनं दिवाकरला विचारलं, "मोर नंबर काबर नइ आइस?" माझा नंबर का नाही आला?

दिवाकरनं डब्बा उचलला. एकदा हलवला, कानाशी धरून. मग माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "डब्बे में था बेटा," तो म्हणाला, "बस हाथ नहीं लगा."

पेपर झाले, पाकिटं बंद झाली. त्याच्यासाठी मी मुद्दाम पोहे करवले होते, ते त्यानं खाल्ले नाहीत. म्हणाला, "पोट बरं नाई." त्यानंतर त्यानं निरीक्षकाची ड्युटी कधीच घेतली नाही. गुडघे दुखतात म्हणायचा. त्या गुडघ्यांवर मी गावभर गोष्टी रचल्या. ते वाजले की दुर्ग स्टेशनावरची गाडी सुटते म्हणून सांगायचो. मला कळत नव्हतं, की त्याला कळलं आहे की नाही. आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

भेटला की मात्र त्याचा एकच प्रश्न. "ते पोरगी काय करून राहिली?"

"कोण? धनेश्वरी? अरे, फर्राटे से, धडाधड वाचते!" मी म्हणायचो. दुसऱ्या वर्षी सांगितलं, ती वर्गात पहिली आली. त्याच्या पुढच्या वर्षी भाषणात कप जिंकली. तो पाच बोटं दाखवायचा. खरी गोष्ट अशी, की पाचवीनंतर तिचं नाव आमच्या शाळेतून निघालं, आणि ती वाचायला शिकली का ते मला ठाऊक नाही. याला पाचानं भागा नाही तर पन्नासानं, तेवढंच उरतं.

शेवटचा भेटलो तेव्हा तो अंगणात खुर्ची टाकून बसला होता. तोच प्रश्न. मी म्हणालो, "कॉलेजात आहे बाप्पा, मास्तरीण होणार." मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. हात मांडीवरच राहिला. "बरं," एवढंच म्हणाला.

तेरवीला वहिनींनी मला आत बोलावलं. "भाऊजी, हा डब्बा तुमालेच द्याचा म्हणून ठेवला होता त्याइनं. कावून, ते नाई सांगतलं." घरी येऊन पलंगावर चादर अंथरली आणि चिंचोके ओळीनं मांडले. एक ते बावीस. चोवीस ते पंचेचाळीस. आणि एक जास्तीचा. तसाच तेल लावून घासलेला, तसाच तुळतुळीत. आकडा नाही. उलटून पाहिला, दुसऱ्या बाजूलाही नाही.

म्हणजे त्याला कळलं होतं. डब्बा कानाशी धरला तेव्हाच कळलं होतं. त्यानं जागा रिकामी ठेवली नाही आणि आकडाही लिहिला नाही. जो माणूस कॅरममध्ये स्वतःचा फाउल ओरडायचा, तो माझ्यासाठी एका लेकराशी खोटं बोलला आणि मग वर्षानुवर्षं मला विचारत राहिला... मी थापा देत राहिलो.

या दीड महिन्यात चारदा मरोद्याला जाऊन आलो. धनेश्वरीचं घर होतं त्या गल्लीत आता दुसरी माणसं आहेत. परवा नळावरच्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "काबर खोजथस गुरुजी, वो नोनी ला?" त्या पोरीला कशाला शोधतोस, म्हणून. मी तोंड उघडलं. मला एकही गोष्ट सुचली नाही.

माझा तेवीस नंबर इतकी वर्षं टेबलाच्या खणात होता. तो मी डब्यात टाकला. कोरा तेवढा बाहेर काढला आणि तोच खिशात घेऊन फिरतो आहे. डब्यात होता तेव्हा खळखळायचा. आता चालताना कितीही हलला तरी आवाज येत नाही. एकटा चिंचोका वाजत नाही.