जास्तीचा गुडघा

दुखण्यावर मारायच्या त्या स्प्रेचा वास आला की माझं डोकं अजूनही फिरतं. धाकटा भाऊ परदेशातल्या क्लबकडून फुटबॉल खेळून घाटकोपरला परतला, तो सुजलेला गुडघा घेऊनच. वर्षभर चेंडूला पाय लावू नकोस, असं तिकडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी इथल्या क्लबचा मॅनेजर फायनलच्या सकाळी घरी आला आणि मी केलेले पोहे खात म्हणाला, "ताई, एकच मॅच. इंजेक्शन देतो, त्याला कळणारपण नाही." भाऊ नाही म्हणेना. मी उठले आणि त्याचे बूट मोरीतल्या बादलीत बुडवले. मॅनेजर हसला. "बूट काय, आमच्याकडे ढीगभर आहेत." "आणि गुडघा? तोही आहे का एखादा जास्तीचा?" मी विचारलं. भाऊच माझ्यावर खेकसला, "तू गप गं! लोक मला बघायला येणारेत." तो गेला. संध्याकाळी दोघांनी त्याला उचलून घरात आणलं, तेव्हा अख्ख्या खोलीत त्या स्प्रेचा वास भरला. त्यानंतर तो कधीच खेळला नाही. आज तो जिना कठडा धरून, तिरका होऊन उतरतो. मॅनेजर दर दिवाळीला त्याला शुभेच्छा पाठवतो आणि माझा भाऊ उत्तर देतो, "थँक्यू, सर."