नव्या गाडीची चावी

परवा उस्मानपुऱ्यात शेजाऱ्याच्या नव्या टेम्पोत बसलो. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्याचा तापलेला वास नाकात शिरला अन् मी मनानं थेट चिकलठाण्याच्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या आवारात जाऊन पोचलो, जिथं मी पूर्वी ट्रक चालवायचो.

दसऱ्याचा दिवस होता अन् कंपनीत नवा ट्रक आला होता. "पुढची नवी गाडी तुमचीच," असं मॅनेजर मला सहा वर्षं सांगत आला होता. म्हणून मी सकाळीच अंघोळ करून गेलो, गाडीच्या तोंडाला झेंडूचा हार बांधला, नारळ फोडला. आत चढून सीटवरून हात फिरवला. खाली उतरतो तर मॅनेजरनं चावी महिन्यापूर्वी लागलेल्या ड्रायव्हरच्या हातात दिली.

"साहेब, अन् मी?"

"मामा, नवी गाडी कुणीबी चालवंल. तुमचं ते जुनं धूड तुमच्याबिगर घाट चढत नाय. तुम्हाला कसं काढू तिच्यावरून?"

सगळे हसले. मी खिशातली जुन्या गाडीची चावी काढून पूजेच्या ताटात ठेवली. "आता तुम्हीच चढवा घाट," म्हणालो अन् चालायला लागलो.

तवा वाटलं, यानं चारचौघांत माझी इज्जत घालवली. आता कळतं, तो गडी खरंच माझं कौतुक करत होता. पण माझ्या हातातल्या कसबाचीच मला शिक्षा व्हावी, हे मला आजही मंजूर नाय. गेटापाशी मागून "मामा, थांबा की!" अशी हाक आली होती. मी वळलो नाही. आज आली तरी वळणार नाय.