घाग काकांचं फोनचं टेबल

आमच्या पिस्तूल क्लबात एक उफराटा नियम होता. बाकी ठिकाणी मॅचच्या वेळी फोन बंद करून बाहेर जमा करायला लावतात. आमच्याकडेही जमा व्हायचे, पण बंद केलेला फोन चालायचा नाही. उलट आवाज मोठा करून ठेवायचा. रेंजच्या दाराबाहेर लाकडी टेबल, त्यावर ओळीने मांडलेले फोन आणि मागे प्लास्टिकच्या स्टुलावर पांढऱ्या हाफ शर्टातले घाग काका. एखादा नवा पोरगा सवयीने फोन बंद करायला लागला की ते त्याच्या हातावर हात ठेवत. "चालू ठेव. तू कुठे आहेस ते घरच्यांना काय स्वप्नात कळणार?"

मग फोन वाजला की काका तो उचलत. कुणाचाही असो. "हां, बोला. मी घाग बोलतोय. त्या आत नेम धरतायत. काय झालं ते मला सांगा." कर्ज घ्या म्हणून गळ घालणाऱ्या मुलीला ते ‘जेवलीस का’ म्हणून विचारत. माझ्या सासूबाईंनी एकदा दुधीचं काय करू म्हणून फोन केला, तर काकांनी चण्याची डाळ घालायला सांगून तो प्रश्न परस्पर मिटवला. पण पलीकडचा आवाज जरा जरी कापरा वाटला, तर उठून थेट आत येत आणि त्या नेमबाजाच्या मागे उभे राहत. पिस्तूल खाली टेकल्याशिवाय हाक मारायची नाही, हे पथ्य त्यांनी कधी मोडलं नाही. टेकलं की हळूच म्हणत, "घरून फोन आहे. आत्ता घ्या. मॅच पुन्हा होते."

नवी मुलं त्यांना ‘ऑपरेटर काका’ म्हणायची. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची, कारण काका त्या टेबलाशी कसे येऊन बसले, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आमची रेंज म्हणजे भाईंदर पूर्वेला गोडदेवच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला पहिल्या मजल्यावरचा लांबोडका गाळा. खाली स्टीलचे डबे पॉलिश करतात, त्याची घरघर दिवसभर पायांखाली चालू असते. वर दहा मीटरवरच्या कागदी टार्गेटवर हवेच्या दाबाने छर्रे मारायची पिस्तुलं शिकवतात. शिकवणारे परेरा सर एके काळी राज्याकडून खेळलेले, पण जीव सगळा नवशिक्यांवर. दर दोनेक महिन्यांनी ते फक्त नवशिक्यांची मॅच ठेवतात. पिस्तूल क्लबचं, वयाची अट नाही, नुसतं यायचं आणि उभं राहायचं. मी लेकीला घेऊन आले होते. ती पंधरा दिवसांत कंटाळली, मी राहिले. घाग काका माझ्याच बॅचचे. एका औषधांच्या कंपनीत स्टोअरकीपर होते, रिटायर होऊन काही वर्षं झाली होती.

या खेळात टार्गेटकडे खांदा करून उभं राहायचं आणि एका हाताने पिस्तूल धरायचं असतं. दुसरा हात हलू नये म्हणून तो खिशात घालतात. काकांचा खिशातला हात पहिल्या दिवसापासून मुठीत आवळलेला.

"काका, तो हात लूज सोडा," परेरा सर म्हणाले. "खांद्यात टेन्शन येतंय तुमच्या."

"सोडला तर चावी पडेल."

"मग चावी बाजूला ठेवा ना."

"ती नाही ठेवता येत, सर."

चावी घराची होती आणि घरात शालनकाकू होत्या. काकूंना विसरण्याचा आजार जडला होता. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग माणसांची नावं गेली, पुढे नवराही कधी ओळखीचा वाटायचा, कधी नाही. मूलबाळ नव्हतं. एक गोष्ट मात्र काकूंच्या डोक्यात घट्ट राहिली होती. लग्नानंतर बरीच वर्षं दोघं भाईंदर पश्चिमेला मिठागरांच्या कडेला एका चाळीत राहिले होते. दार उघडं दिसलं की काकू तिकडे निघायच्या. नळाचं पाणी जाईल, नंबर लावायचाय, म्हणायच्या. चाळ पाडूनही जमाना झाला होता. काका दर वेळी रिक्षाने जात आणि मिठागराच्या बांधावर बसलेल्या काकूंना हाताला धरून परत आणत. त्या कुठे जातात हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. बायको अशी बाहेर पडते हे चारचौघांत कळायला नको, असं त्यांना वाटायचं. मला सांगितलं ते फार उशिरा, रिक्षात.

तर डॉक्टरांनी काकांना दटावलं होतं, की रोज तासभर स्वतःसाठी काढा, नाहीतर तुम्हीच आधी आडवे व्हाल. काका आधी चालायला जाऊन बघून आले. "चालायला गेलो की डोकं पण सोबत चालतं गो," ते मला म्हणाले. "इथे तसं नाही." नेम धरताना नजर टार्गेटवर ठेवायची नसते, पिस्तुलाच्या टोकावरच्या छोट्या लोखंडी खुंटावर ठेवायची असते. टार्गेट धुरकटच दिसायला हवं. आम्हा नवशिक्यांना तेच जमत नाही, डोळा पुन्हा पुन्हा त्या काळ्या गोलाकडे पळतो. काकांना ते सगळ्यांच्या आधी जमलं. "एवढासा खुंट बघायचा, बास. त्याच्या पलीकडचं सगळं धुरकट. बरं वाटतं तेवढा वेळ." माझा एखादा छर्रा वाया गेला आणि मी चडफडले, की ते शेजारून पुटपुटायचे, "सुटला तो सुटला. त्याच्यामागे बघत बसलीस तर पुढचापण जाईल."

मॅच मात्र त्यांची एकही पुरी होत नसे. बायकोला कोंडून जाता म्हणून सोसायटीत कुरबुर झाल्यावर शेजारच्या जिग्नाबेन काकूंजवळ बसू लागल्या होत्या. तेव्हा आमच्याकडेही फोन बंदचाच नियम होता. परेरा सरांनी काकांना तेवढी सूट दिली होती, त्यांचा फोन सरांच्या खिशात चालू असे. आणि तो वाजायचाच. "काका को भेजो ना जल्दी, काकी बहुत रोती है." काका पिस्तूल रिकामं करून टेकवत, सगळ्यांकडे बघून ओशाळं हसत आणि जात. भिंतीवर निकाल लागे तेव्हा त्यांच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असे. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "अगो, डिग्री आहे ती माझी. पी. डी. घाग, अपूर्ण." मग जरा थांबून म्हणाले, "एकदा पुरी करायची आहे मला. नंबर नको. पुरी झाली पाहिजे, बास."

तो मे महिना होता. काकूंना रात्री छान झोप लागली होती, सकाळी त्यांनी पोटभर खाल्लं होतं, जिग्नाबेन भाजी निवडायला घेऊन येऊन बसल्या होत्या. काका रेंजवर आले ते प्रसन्न. परेरा सरांनी फोनसाठी हात पुढे केला, तर म्हणाले, "राहू दे, सर. आज बंद करतोय. दर वेळी रडण्याचाच तर फोन असतो. एक तास रडली तर काय होतंय?" कुणीतरी मागून ‘शाब्बास काका’ म्हणालं. त्यांनी खिशातली चावीसुद्धा काढून फोनशेजारी ठेवली.

मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. काका त्या दिवशी जसे खेळले, तसे आधी कधी खेळले नव्हते. हात वर, थांबा, छर्रा, हात खाली. कुठे घाई नाही, मागे वळून बघणं नाही. खिशातला हात सैल होता. मॅच संपली आणि ते तिसरे आले. परेरा सरांनी गळ्यात मेडल घातलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि काका तोंड भरून हसले. इतके हसले की मागची एक दाढ पडलेली मला प्रथमच दिसली. मग त्यांनी फोन चालू केला.

गॅसचा सिलिंडर आत घेताना जिग्नाबेनची पाठ वळली होती, तेवढ्यात काकू निघून गेल्या होत्या. त्या बिचारीने बिल्डिंग, देऊळ, बाजार सगळं पालथं घातलं आणि काकांना फोनवर फोन केले. मेडल गळ्यात तसंच, काका खाली धावले. मी त्यांच्यासोबत रिक्षात बसले.

मिठागरावर दोन मजूर उभे होते. त्यांनी काकूंना खाजणातून ओढून बांधावर निजवलं होतं. पाणी जेमतेम गुडघाभर, पण त्या पालथ्या पडल्या होत्या. त्यातला म्हातारा मजूर सांगू लागला, "आजी लय येळ हितंच बसलेली. कवाची वाट बगत व्हती. आमाला वाटलं, न्यायला येल कोनतरी. आता उटली नि चालाया लागली, तं पाय घसरला." काका उकिडवे बसले आणि शर्टाच्या टोकाने त्यांच्या तोंडावरचा चिखल पुसत राहिले. ओठ पुसले, नाक पुसलं, कानामागचंही पुसलं. मी तिथे उभी राहून मोठ्याने रडले. ते रडले नाहीत.

पुढे कित्येक महिने ते आले नाहीत. मग एका मॅचच्या दिवशी आले, आम्ही फोन ठेवत होतो त्या टेबलाशी स्टूल ओढलं आणि एकेक फोन चालू करायला लागले. परेरा सरांनी पिस्तूल पुढे केलं. "नको, सर," काका म्हणाले. "तुम्ही खेळा. मी फोन बघतो." सरांनी त्याच दिवशी नियम बदलला. त्याबद्दल मी त्या माणसाची जन्मभर ऋणी आहे.

एकदा चहा पिताना मी काकांना सगळे सांगतात तेच सांगितलं, की तुमची काही चूक नव्हती. त्यांनी कप खाली ठेवला.

"चुकीचं नाही गो बोलत मी. चुका काय, माणसाच्या होतात. मला मजा आली, वैशाली. त्या तासाभरात ती मला एकदाही आठवली नाही. एकदाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती तिथे बांधावर बसून माझी वाट बघत होती, आणि मला मजा येत होती. हे कुठे ठेवू, सांग."

‘सुटला तो सुटला’ हे त्यानंतर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. खेळाला मात्र त्यांनी बोल लावला नाही. कुणी बिचकत दारात उभं राहिलं की तेच म्हणायचे, "या, या. चांगला खेळ आहे. फक्त फोन चालू ठेवा."

गेल्या काही महिन्यांत त्यांना जिना चढताना धाप लागायची. दर काही पायऱ्यांवर थांबून ते बूट बघितल्यासारखं करायचे. मागच्या मॅचला ते वेळेवर आले नाहीत. परेरा सरांनी थोडी वाट पाहिली आणि मॅच सुरू केली. फोन टेबलावर होते, स्टूल रिकामं होतं. रेंजचं दार लावायचं कामही काकांचंच, त्यामुळे ते उघडंच राहिलं.

माझा हात वर होता, तेव्हा बाहेर एक फोन वाजायला लागला. वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. काकांनी कुणाचाही फोन इतका कधी वाजू दिला नव्हता. मी हात खाली घेतला, पिस्तूल रिकामं करून टेकवलं आणि बाहेर गेले. फोन एका मुलाच्या आईचा होता, सहज केलेला. तो ठेवून मी माझ्या फोनवरून काकांना लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. परेरा सर मागे येऊन उभे होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आत गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "स्टॉप. अनलोड." सगळ्यांनी पिस्तुलं टेकवली. ‘ऑपरेटर काका’ हे नाव ज्याने पाडलं होतं, तो पोरगा आमच्या पुढे जिना उतरला.

काकांची बिल्डिंग दोन गल्ल्या पलीकडे. चालता चालता मी पुन्हा पुन्हा फोन लावतच होते. जिग्नाबेन जिन्यातच भेटल्या. काकू गेल्यापासून काका दाराला कडी लावत नसत, नुसतं ढकललं की उघडायचं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले होते. अंगात धुतलेला पांढरा शर्ट, एका पायात बूट, दुसरा हातात. अंग गार पडलं होतं. शर्टाच्या खिशात फोन वाजत होता, आवाज मोठा, आणि थांबत नव्हता.

"अरे, कोई उठाओ ना वो फोन," जिग्नाबेन रडत म्हणाल्या.

तो मीच लावलेला आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला. मी कट केला.

दुसऱ्या दिवशी परेरा सरांनी भिंतीवर निकाल लावला. आम्हा सगळ्यांच्या नावापुढे काकांचीच डिग्री होती. अपूर्ण.