अमेरिकेच्या वाटेवर अकोल्यापर्यंत

हल्ली कुठलंही मासिक उघडलं की कुणीतरी परदेशात जाऊन आलेला असतो. त्याला लंडनमध्ये धुकं भेटतं, पॅरिसमध्ये मराठी माणूस भेटतो आणि शेवटच्या परिच्छेदात आईच्या हातची भाकर आठवते. मीही अमेरिकेला निघालो होतो. अकोल्यापर्यंत पोचलो. या वाटेनं जाऊ पाहणारे पुष्कळ प्राध्यापक आपल्याकडे आहेत, त्यांच्या उपयोगी पडावा म्हणून हा वृत्तान्त.

दिवाळीनंतर आमच्या अमरावतीच्या कॉलेजात एक लांब पाकीट आलं. अध्यापकांच्या देवाणघेवाणीची योजना होती. तिकडच्या काहींनी इकडे यायचं, इकडच्या काहींनी वर्षभर तिकडे जायचं, तिथे कसं शिकवतात ते पाहायचं आणि परत येऊन आपल्या विभागात ते रुजवायचं. वनस्पतिशास्त्रातून दोघांना मुलाखतीचं बोलावणं होतं. एक मी, वीस वर्षं नोकरी झालेला विभागप्रमुख. दुसरे तायडे, माझ्या हाताखाली सात वर्षं व्याख्याते. जागा एकच. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी मी तिच्यात बसणार नव्हतो. ही संधी शेवटची, एवढं नागपूरपलीकडे न गेलेल्या माणसालाही कळत होतं.

पत्रात मुलाखतीला या, असं स्वच्छ लिहिलं होतं. अमरावतीनं ते वगळून बाकीचं पत्र वाचलं. चार दिवसांत गल्लीतल्या मंडळानं माझा सत्कार ठरवला. मी म्हटलं, "अहो, निवड व्हायची आहे अजून."

"सर, निवडीची वाट पाहत बसलो तं पाहुणे रिकामे भेटत नाहीत," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "रविवारी साहेब मोकळे हायेत. निवड काय, होतच राहते."

आपल्याकडे सत्काराची तारीख पाहुण्याच्या सवडीनं ठरते, माणसाच्या कर्तृत्वानं नाही. मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि परतून आल्यावर दारावरच्या पाटीवर काय लिहावं याबद्दल सूचना मिळाल्या. दुसरा सत्कार कॉलेजच्या क्लार्क मंडळींनी केला. मी नको नको म्हणत दोन्हीकडे वेळेवर हजर होतो, हेही नमूद करतो.

घरी मात्र शांतता होती. "अमेरिकेत तुमाले जेवाले कोण देईन?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"तिथं पाव मिळतो."

"पाव तं जयस्तंभ चौकातबी भेटते. त्यासाठी एवढ्या दूर कायले जाता?" असं म्हणून त्यांनी माझ्या पिशवीत स्वेटर कोंबला.

आता प्रवासाची माहिती. अमरावतीहून अकोल्याला जायचं तर बडनेऱ्याला गाडी धरावी आणि दुपारच्या जेवणाला पोचावं. शहाण्या माणसाची वाट ती. माझे सासरे दर्यापूरचे, त्यांनी तिसरा सत्कार योजला होता, त्यामुळे मी तायडेंना घेऊन सकाळच्या एस.टी.नं दर्यापूरमार्गे निघालो. या रस्त्यानं जाणाऱ्यांनी पांढरे कपडे घालू नयेत. पौषातले दिवस, कापूस भरलेल्या गाड्यांची रांगच रांग, प्रत्येक गाडीचा धनी वर कापसात झोपलेला आणि बैल आपल्या मनानं बाजाराकडे चाललेले. एस.टी. त्यांना ओलांडायची तेव्हा जी धूळ उठायची ती दर्यापूरपर्यंत आमच्यासोबत आली. दोन्हीकडे काळी जमीन, तिच्यावर पांढरे ठिपके, आणि वाकलेल्या बायांच्या रांगा.

समोरच्या बाकावरच्या फेटेवाल्यानं मला ओळखलं. "तुमीच ना ते अमेरिकावाले?"

"अजून ठरायचं आहे."

"ठरते हो. आन् हे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत तायडे म्हणाले, "मी सरांसोबत हाय."

खरं म्हणजे ते माझे प्रतिस्पर्धी होते. ते मी सांगू शकलो असतो. मी बाहेर पाहू लागलो.

दर्यापूरचं पाणी खारं. नव्या माणसानं पाण्याची छागल भरून न्यावी, नाहीतर चहा पिताना आपण चुकून वरणाला तोंड लावलं असं वाटतं. सत्कार दुपारी चारला, धान्याच्या एका गोदामात. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, प्रास्ताविकात मला अमेरिकेत पोचवलं, तिथल्या लोकांना पऱ्हाटी कशी लावावी हे माझ्याकडून शिकवलं आणि आभारप्रदर्शनापर्यंत परतही आणलं. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. ती मी आयुष्यात एकदाही लावलेली नाही. मागच्या रांगेत उभे राहून तायडे मनापासून टाळ्या वाजवत होते.

जेवणाची पानं मांडायची वेळ झाली. मामाजी तायडेंना 'जेवून जा' म्हणाले नाहीत. मीही म्हटलं नाही. तायडेंनीच बहिणीचं घर आठवून आमची दोघांची सुटका केली. "बहीण वाट पाहून राहिली असन," म्हणाले आणि पिशवी उचलून गेले. वांग्याची भाजी उत्तम होती. मला दोनदा वाढून घेता आलं नाही एवढंच.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं मूर्तिजापूर आणि तिथून रेल्वेचा तिसरा वर्ग. गाडीत तायडेंनी बहिणीनं दिलेलं फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, मोकळं पिठलं. निम्मं त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. खातखात मी विचारलं, "काय हो तायडे, घरी सांगितलं की नाही?"

"नाही सर. अकोल्याले काम हाय म्हटलं."

"काहून?"

"झालं तं सांगीन. आमच्या इथं हार आणले तं मंग परत करता येत नाहीत."

मी खो खो हसलो. बोरगाव स्टेशन मागे पडेपर्यंत हसू ओसरलं आणि ठेचा लागायला लागला.

अकोल्यात स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरावं, खोल्या स्वच्छ आहेत, ढेकूण मर्यादेत आहेत. खाणावळीत बारा आण्यात, म्हणजे पंचाहत्तर नव्या पैशांत, पोटभर जेवण मिळतं आणि मालक तिखट कमी करण्याची विनंती अपमान समजतो. संध्याकाळी कापसाच्या बाजारात जरूर जावं. माणूस भाव ऐकत चालला की दहा पावलांत त्याच्या केसांवर, भुवयांवर कापूस बसतो आणि सगळं गाव एकदम म्हातारं दिसतं.

मुलाखत शेतकी कॉलेजात होती. मी पाठांतर करून गेलो होतो: शिक्षणाचा हेतू, राष्ट्राची गरज, दोन देशांतला स्नेह. मुलाखत घेणाऱ्या हार्परबाई पन्नाशीच्या, उन्हानं लाल झालेल्या, पायात चक्क चिखलाचे बूट. त्यांनी हेतूबद्दल काही विचारलं नाही. इंग्रजीत म्हणाल्या, "इथले वीस विद्यार्थी बसवले आहेत. दोघांनी दहा-दहा मिनिटं कपाशीवर शिकवा. मी मागे बसते."

हे मला सोपं होतं. माझ्या नोट्स पिशवीत होत्याच. त्यांच्याशिवाय मी लग्नालाही जात नाही. मी कागद काढले मात्र, वीसही वह्या उघडल्या. मुलं अकोल्याची, मला कधी न पाहिलेली, पण हाडाचे विद्यार्थी. मी कपाशीचं कूळ सांगत गेलो, ती उतरवत गेली. मी 'अंडरलाइन' म्हटलं, वीस पट्ट्या एकदम खाली आल्या. मध्ये मला ठसका लागला तर दोघांनी मान वर करून पाहिलं, तो लिहायचा की कसं. दहा मिनिटांत मी सव्वा दोन पानं दिली. बाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या. बाहेर वीस पावलांवर कपाशीचं शेत होतं.

तायडे उठले आणि म्हणाले, "चला बाहेर."

मुलं वह्यांसकट शेतात गेली, मागून हार्परबाई. तायडेंनी एका झाडाशी उभं राहून विचारलं, "या झाडावर कोणतं बोंड आधी फुटलं, कोणतं मागून? आणि तुम्हाला कसं कळलं?"

एकजण मी नुकत्याच दिलेल्या नोट्स चाळू लागला. मला मनातून बरं वाटलं, हे कबूल करतो. शेजारच्या ओळीत बाया कापूस वेचत होत्या. त्यातली एक वयस्क बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काहून गप बसले बापा? खालचं आधी फुटते, वरचं मागून. आमी खालून वर वेचत येतो, तुमाले दिसत नाही का?"

मुलं हसली. तायडे हसले नाहीत. ते म्हणाले, "मावशे, अन् हे अर्धं फुटून राह्यलं ते?"

"त्याले कीड हाय. फोडून पाहाय ना, घाबरते कायले?"

त्यांनी बोंड एका मुलाच्या हातात दिलं. त्यानं फोडलं. आत गुलाबी अळी होती. वीस डोकी त्याच्याभोवती गोळा झाली आणि प्रश्न सुरू झाले, ही आत शिरली कुठून, भोक कुठं आहे, बाकीची बोंडं का वाचली. तायडे एकाचंही उत्तर देत नव्हते, दुसरं बोंड देत होते. मधूनमधून हार्परबाईंना इंग्रजीत सगळं सांगत होते. दहाची पंचवीस मिनिटं झाली. मावशीनं हार्परबाईंना विचारलं, "बाई, तुमच्याकडं कापूस कोन वेचते?"

तायडेंनी दोन्हीकडचं भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "आता बऱ्याच ठिकाणी यंत्र वेचतं."

"मंग बाया काय करतेत?"

बाई म्हणाल्या, "काही माझ्यासारख्या शिकवतात."

"बरं हाय," मावशी म्हणाली आणि पुन्हा वाकली. "यंत्र मंग धाडू नका. पह्यले शाळा धाडा."

नंतर हार्परबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं. "तुम्ही तायडेंना याआधी शिकवताना पाहिलंय?"

सात वर्षं आमच्या वर्गांमध्ये एक भिंत आहे. त्यांच्या वर्गातून आवाज येतो म्हणून मी दोनदा चिठ्ठी पाठवली होती. आपल्याकडे एक मास्तर दुसऱ्याच्या वर्गात पाऊल टाकत नाही. टाकलंच तर खडू मागायला. "नाही," मी म्हणालो.

"जागा एक आहे. तुम्ही विभागप्रमुख. तुमच्या विभागाला कोण जाऊन आलेलं उपयोगी पडेल?"

तीन शाली माझ्या डोळ्यांसमोर आल्या. शिंप्याकडे टाकलेला गरम कोट आला. पुढच्या वर्षीचं वय आलं. दोघांनाही न्या म्हणून पाहिलं, त्या फक्त नाही म्हणून मान हलवत राहिल्या. शेवटी मी म्हटलं, "तायडे जाऊन आले तर विभाग बदलेल. मी जाऊन आलो तर प्रवासवर्णन लिहीन."

बाई मोठ्यानं हसल्या आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. माझं हसणं परतीच्या गाडीत, बरीच स्टेशनं उशिरा आलं, बडनेऱ्याच्या आसपास.

महिन्याभरानं पत्र आलं, तायडेंच्या नावाचं. गल्लीतल्या अध्यक्षांनी मला धीर दिला, "सर, सत्कार वाया जात नाही. पुढच्या खेपेला हारच फक्त नवे लागतीन." मामाजींनी पंधरा दिवस अबोला धरला, मग कळवलं की अमेरिकेत तसंही फार थंडी असते. सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, "खरं बोलून आले ना? मंग तोंड कायले पाडता? जेवा."

काय उरलं म्हणाल तर गरम कोट उरला, तो अमरावतीत वर्षातून आठ दिवस घालता येतो. आणि एक विनंती उरली होती, ती करायला मला पुढचे तीन आठवडे लागले. तायडेंना म्हटलं, जायच्या आधी एक दिवस माझ्या वर्गात येऊन बसा. ते शेवटच्या बाकावर बसले. तास संपल्यावर मी विचारलं, "कसं काय?"

"खरं सांगू सर?"

"सांगा."

"तुमी वाचून राह्यले होते, पोरं लिहून राह्यली होती. झाड कोठीच नव्हतं."

मला राग आला. तो रात्रभर टिकला, सकाळी उतरला. सौभाग्यवतींची नजर चुकवून मी अंगणातली सदाफुली मुळासकट उपटली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि वर्गात नेऊन टेबलावर ठेवली. नोट्स पिशवीतच राहू दिल्या. विचारलं, "काय दिसतं?"

सत्तर मुलांनी पेनं उघडली. मग मागून एकानं विचारलं, "सर, हे परीक्षेले येते का?"

"नाही."

एकामागून एक पेनं खाली ठेवल्याचा आवाज आला. मी खिडकीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. हात रिकामे झाले म्हणून असेल, पहिल्या बाकावरची एक मुलगी पुढे वाकली आणि तिनं एक पान उलटं करून पाहिलं.