गोधडीत गुंडाळलेला फोन

डोंबिवलीत आमच्या घरी फोन लागला, त्या दिवशी मी सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले... आणि संध्याकाळी तो फोन गोधडीत गुंडाळून, वायरसकट कपाटात ठेवून दिला. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेला फोन! आमच्या ह्यांना वाटलं, धूळ बसू नये म्हणून असेल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कुठेही फोनची घंटा वाजली की माझे हात गार पडायचे आणि डोळ्यांसमोर तापलेल्या तेलाची कढई यायची.

कारण सांगते. त्याच्या सात-आठ वर्षं आधी आम्ही एका जुन्या चाळवजा इमारतीत राहायचो. फोन फक्त शेजारच्या सामंतकाकूंकडे. माझी आई खडवलीला एकटी राहायची, स्टेशनजवळच्या पीसीओवरून पंधरा दिवसांनी एकदा फोन करायची. मग काकू लांब वायर ओढत फोन घेऊन दारात यायच्या आणि मला हाक मारायच्या.

माझा आवाज मोठा... घरात मला लाऊडस्पीकरच म्हणतात. पण त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर खोकून खोकून आवाज पार बसला होता. आईच्या त्या वेळच्या फोनवर मी नुसतीच फुसफुसले होते. मग जरा बरी झाले आणि लगेच शंकरपाळे तळायला घेतले. तेवढ्यात काकूंची हाक आली, "अगं ए, आईचा फोन!" मी आतूनच ओरडले, "घाणा टाकलाय काकू, नंतर करते म्हणावं!"

नंतर करते! करणार होते कुठे? आईकडे फोन होता कुठे...

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या त्याच फोनवर खडवलीहून निरोप आला. आई रात्री झोपेतच गेली होती.

तिला काय सांगायचं होतं, हा एकच प्रश्न घेऊन मी पुढची कित्येक वर्षं वावरले. काकूंच्या घरी जाणं बंद केलं, पुढे घरही बदललं. शंकरपाळे तर आमच्याकडे त्यानंतर झालेच नाहीत.

फोन कपाटात का, हे ह्यांना शेवटी कळलंच. ऑफिसातल्या कुणीतरी ह्यांना ठाण्याच्या एका मॅडमचं नाव सांगितलं. डोळ्यांच्या हालचालींनी मनाची भीती कमी करण्याची नवीन पद्धत म्हणे! मी नौपाड्यात त्यांच्याकडे गेले, ती पर्समध्ये चष्म्याच्या नंबरचा कागद घेऊन. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

पहिले काही दिवस नुसतं बोलणंच झालं. मग एकदा त्यांनी खुर्ची जवळ घेतली. म्हणाल्या, तो प्रसंग मनात आणा, डोकं स्थिर ठेवा आणि फक्त डोळ्यांनी माझ्या बोटांच्या मागे जा. दोन बोटं... डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. मध्येच थांबायचं, श्वास घ्यायचा, काय मनात आलं ते सांगायचं. की पुन्हा बोटं.

मी काय केलं? चक्क चोरी! बोटांकडे बघायचं सोडून मागच्या कॅलेंडरवर नजर लावून बसले. मॅडमच्या लक्षात आलंच. "डोळे थांबलेत तुमचे," एवढंच म्हणाल्या.

आणि मला रडू फुटलं. म्हटलं, "मॅडम, ही भीती गेली तर आई पण जाईल का हो? तिचं शेवटचं तेवढंच उरलंय माझ्याकडे."

त्यांनी बोटं खाली घेतली. मग म्हणाल्या, "आपण काही पुसायला बसलेलो नाही. आठवण तुमचीच राहणार. नको वाटत असेल तर आज इथेच थांबू."

मी थांबले नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून बोटांच्या मागे गेले. आधी कढई आली, हातातला झारा आला, तेलाचा वास आला... आणि मग एकदम दारातल्या सामंतकाकू आल्या. रिसीव्हर कानाला लावून उभ्या, आणि हसत होत्या. इतकी वर्षं मला फक्त कढई दिसायची, काकू कधी आल्याच नव्हत्या.

हे खरंच आठवलं की मनाने रचलं, मला कळेना. मॅडमही खात्री देईनात. पण काकू कशाला हसतील, हे काही डोक्यातून जाईना. आणखी दोन-तीन वेळा नौपाड्याला गेले, जीव जरा धीट झाला, आणि एका रविवारी सरळ काकूंच्या दारात जाऊन उभी राहिले.

काकू थकल्या होत्या. त्या दिवशी फोनवर का हसत होतात, असं मी विचारल्यावर त्यांनी मला हाताला धरून बसवलं. "अगं, मी फोन कानालाच लावून तुझ्या दारात उभी होते. तुझा आवाज काय साधा आहे? पत्रीपुलापर्यंत जाईल! तिकडून तुझी आई म्हणाली, 'ऐकलं हो मी. आवाज सुटला वाटतं तिचा. झालं तर मग, हेच विचारायला फोन केला होता... तळू दे तिला.' आणि अशी हसली! मलाही हसू आलं."

"मग मला सांगितलं का नाहीत हो?"

"सांगणार होते गं. पण सकाळी तो निरोप आला... आणि नंतर तू आमच्याकडे यायचीच थांबलीस."

मी तिथेच बसून पोटभर रडले. काकूंनी चहा टाकला.

घरी येऊन फोन गोधडीतून बाहेर काढला आणि वायर जोडली. दोन दिवसांनी घंटा वाजली. हात गार पडले, खोटं कशाला सांगू... पण उचलला. राँग नंबर होता! त्या बिचाऱ्याशी मी चांगली दोन मिनिटं बोलले.

आता मोबाईल आलाय. लेक पलीकडून ओरडते, "आई, हळू बोल ना, कान फुटतील माझे!"

मी नाही हळू बोलत. खडवलीपर्यंत जायला हवा आवाज...