सैल टाका

जव्हारच्या आमच्या आळीत कासमचाचांच्या पायमशीनची शिवण प्रसिद्ध होती. टाके इतके बारीक, की निरखून बघायला गेलात तर डोळे दुखावेत. चाचा कौतुक करायचे तेही टाक्यांचंच. माणसांच्या बाबतीत त्यांची जीभ कायम जड. मला त्यांचा राग यायचा, आणि शिवायला मात्र मी त्यांच्याकडेच टाकायचे.

त्यांची बायको नूरुन्निसा. दुपारी मशीन रिकामं झालं की ती त्यावर कागद शिवायची. जाड खाकी पानांचा तिनेच बांधलेला एक गठ्ठा होता. ज्या घरचे लग्नाचे किंवा बारशाचे कपडे शिवले, त्या कापडाचा एक तुकडा ती पानावर शिवून ठेवायची. बाजाराला आलेल्या बायका हक्काने दुकानात शिरून आपला तुकडा बघून जायच्या. साखरशेतच्या सुकीचं मूल गेलं, तेव्हा त्याच्या झबल्याचं तेवढंच कापड मागे उरलं होतं. सुकी यायची, त्यावर हात फिरवायची आणि निघून जायची.

चाचांना ही थेरं वाटायची. कागदाने सुई बोथट होते म्हणून आधी त्यांनी धुसफूस केली. नूरुन्निसाने कापडाला चालेनाशा झालेल्या सुया कागदासाठी डबीत काढून ठेवल्या. मग त्यांनी तिच्या लांब, सैल टाक्यांना नावं ठेवली. ती हसून सोडून द्यायची.

शहात्तरच्या पावसाळ्यात ती तापाने गेली. पुढे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, अनीसाचं, लग्न भिवंडीला ठरलं. तिने बापाकडे फक्त ती पानं मागितली, आणि शेवटच्या पानावर अम्मीचा फोटो शिवून द्या म्हणाली. नूरुन्निसाचा तेवढा एकच फोटो होता. ती खुर्चीत, मांडीवर तान्ही अनीसा, आणि कडेला चाचा ताठ उभे.

चाचांनी तो स्वतः शिवायला घेतला. मी आणि अनीसा तिथेच लग्नाच्या कपड्यांना बटणं लावत बसलो होतो. फोटोच्या कडेला कसर लागली होती, म्हणून त्यांनी शिवण आत घेतली, फोटोतली खुर्ची आणि ते स्वतः यांच्या मधून. लेकीचं काम चोख व्हावं म्हणून टाका नेहमीपेक्षाही बारीक घातला. दोरा तोडायला पान वाकवलं, आणि जुना कडक झालेला फोटो पानासकट त्या भोकांच्या रांगेवरून सरळ तुटला. चाचा उभे होते ती पट्टी मशीनखाली पडली.

त्यांनी तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुझी अम्मी सैल टाका घालायची तो यासाठी. मी कधी विचारलंच नाही तिला." त्यांचा चेहरा बघून माझा इतक्या वर्षांचा राग गेला.

अनीसाने त्यांना उठवलं आणि स्वतः मशीनवर बसली. टाका मोठा करायचा खटका तिने शेवटपर्यंत ओढला, अम्मीच्या डबीतली जुनी सुई लावली आणि नव्या पानावर अम्मीचा फोटो शिवला. मग बापाची पट्टी उचलून शेजारी बोटभर अंतरावर ठेवली.

"अजून जवळ घे मला," चाचा म्हणाले.

"जवळ घेतलं तर भोकं जवळ येतील, अब्बा. परत फाटेल."

चाचांनी मान डोलावली. तिने पट्टी होती तिथेच शिवली.